मधले एकवीस दिवस

प्रयोगाच्या वहीत ती ओळ मी माझ्याच हातानं लिहिली होती : ‘दिवस ३६ ते ५६ – विराम.’ त्याआधीच्या पस्तीस दिवसांची पानं गच्च भरलेली. प्रत्येक उंदराचं वजन, डोस, सुई टोचल्याची वेळ, खोलीचं तापमान. सत्तावन्नाव्या दिवसापासूनची पानंही तशीच. मधल्या एकवीस दिवसांसाठी मात्र एवढीच ओळ आणि तिच्यापुढे पट्टीनं ओढलेली सरळ रेघ. त्या दिवसांत उंदरांना काही द्यायचं नव्हतं आणि त्यांचं काही मोजायचं नव्हतं. अंगातलं औषध उतरू द्यायचं आणि थांबायचं. निबंध छापून आला तेव्हा या एकवीस दिवसांच्या वाट्याला अर्धं वाक्य आलं.

प्रयोगशाळा सोडून मला आता बरीच वर्षं झाली. आलेख विसरले, आकडे विसरले, कुठल्या पेटीत कुठला गट होता तेही नीट आठवत नाही. आठवतात ते हे मधले दिवस. खाणं घालायला आणि पाण्याच्या बाटल्या बदलायला सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी लागायचं, आणि गटात सगळ्यांत नवी मी होते. मोजायचं काही नव्हतं म्हणून बघायला वेळ होता. जे दिसे ते वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. त्या नोंदींना प्रयोगात जागा नव्हती.

आमचं द्रव्य होतं ॲम्फेटामिन. लाझार एदेलेआनू या रुमानियन रसायनशास्त्रज्ञानं ते १८८७ साली बर्लिनमध्ये पहिल्यांदा तयार केलं, आणि पुढची चाळीसेक वर्षं ते जवळजवळ तसंच पडून राहिलं. १९३०च्या दशकात चोंदलेलं नाक मोकळं करायला ते हुंगायच्या नळीतून विकलं जाऊ लागलं. १९३७ साली चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांना ते देऊन पाहिलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागं ठेवायला ते वाटलं गेलं. औषध म्हणून त्याची गरज आजही आहे. लक्ष एकाग्र न होणाऱ्या कितीतरी माणसांना डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मोजक्या मात्रेनं खरोखर मदत होते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कुणी स्वतःचं औषध परस्पर बंद करू नये. आमच्या उंदरांना मिळत होतं ते तसं मोजकं नव्हतं. पाच आठवडे, मात्रा पायरीपायरीनं वाढवत.

मेंदूत दोन चेतापेशींमध्ये बारीक फट असते. तिथे डोपामाइन हे एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारं रसायन सोडलं जातं, आणि काम झालं की पेशीच्या भिंतीवरची वाहक प्रथिनं ते परत आत ओढून घेतात. कोकेन या वाहकांची वाट अडवून बसतं, त्यामुळे डोपामाइन फटीतच साचतं. ॲम्फेटामिन याच्याही पुढे जातं. ते पेशीच्या आत शिरतं, पिशव्यांत साठवलेलं डोपामाइन बाहेर काढतं आणि वाहकांना उलटं चालवतं. आत ओढणारे बाहेर फेकायला लागतात. डि कियारा आणि इम्पेराटो यांनी १९८८ साली जाग्या, हिंडत्याफिरत्या उंदरांच्या मेंदूत बारीक नळी बसवून मोजलं, तेव्हा माणसं ज्यांच्या आहारी जातात अशी एकमेकांपासून अगदी वेगळी द्रव्यं मेंदूच्या एकाच लहानशा भागात डोपामाइन वाढवताना दिसली. त्या भागाचं नाव न्यूक्लियस ॲकम्बन्स.

पण हे सगळं पुस्तकातलं. पांढरा उंदीर हातात घेतला की आधी बोटांना कळते ती त्याच्या हृदयाची धडधड. डावा हात खांद्यांभोवती, अंगठा पुढच्या पायाखाली, सुई पोटाच्या खालच्या बाजूला. मग तो पारदर्शक पेटीत. पेटीच्या भिंतींतून न दिसणारे इन्फ्रारेड किरण आरपार गेलेले असतात. उंदीर हलला की किरण तुटतो, आणि तुटलेल्या किरणांची संख्या पडद्यावर चढत जाते. नुसतं मिठाचं पाणी टोचलेला उंदीरही पहिली दहा मिनिटं पेटी हुंगतो, कोपरे तपासतो, मागच्या पायांवर उभा राहून कडेला नाक लावतो. अर्ध्या तासात त्याला कळतं की इथे काही नाही, आणि तो एका कोपऱ्यात अंग मुडपून पडतो. ॲम्फेटामिन टोचलेल्याला मात्र ते कळत नाही. त्याच चार भिंती तो पुन्हा पुन्हा नव्या असल्यासारख्या तपासतो. तासभर, दीड तास.

याच्यापुढची गोष्ट मला तेव्हा सगळ्यांत विलक्षण वाटली. दारूबाज माणसाला हळूहळू जास्त दारू लागते, हे आपण सगळे ऐकून असतो. शरीर सरावतं. इथे उलटं होतं. तेवढीच मात्रा काही दिवसांच्या अंतरानं देत राहिलं तर उंदीर दर वेळी आधीपेक्षा जास्त धावतो. कुत्र्यांत आणि माकडांत कोकेनचा परिणाम असा वाढत जातो हे टेटम आणि सीव्हर्स यांनी १९२९ सालीच नोंदवलं होतं. याला संवेदीकरण म्हणतात. शरीर सरावण्याऐवजी मेंदू जास्त हळवा होत जातो.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी पडद्यावरचे आकडे एकदम खाली आले. चौदा नंबरच्या उंदराचे तर फारच. मी सरांना म्हटलं, "सर, चौदा नंबर शांत झालाय. डोस चुकला का?"

सरांनी पडद्याकडे पाहिलंही नाही. "आकडा राहू दे. आत वाकून बघ."

आत चौदा नंबर पेटीच्या एका कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. मागचे पाय जागेवर रोवलेले. नाक जमिनीपासून जेमतेम केसभर वर, आणि डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. हुंगणं, एवढंच. तळाच्या त्याच दोन बोटं जागेत. मधूनच तो जाळीची तार चाटायचा आणि परत तेच. मी हातातल्या घड्याळात वेळ लावली. चाळीस मिनिटं तो तिथून हलला नाही. किरण तुटत नव्हते म्हणून यंत्राच्या लेखी तो स्वस्थ होता.

लायन आणि रॉबिन्स यांनी १९७५ साली याबद्दल एक मांडणी केली होती. उत्तेजना वाढते तसं वर्तन वेगवान होत जातं, पण त्याचे प्रकार कमी कमी होतात. आधी धावणं, उभं राहणं, अंग चाटणं, हुंगणं, खाणं. मग त्यातलं काही गळतं, मग आणखी काही, शेवटी एकच हालचाल उरते आणि सगळा वेग त्या एका हालचालीत कोंबला जातो. माणसांतही हे दिसतं. स्वीडनमध्ये उत्तेजकांच्या आहारी गेलेल्या लोकांत रायलँडर यांनी १९७२ साली नोंदवलं होतं की काहीजण तासन् तास वस्तू सुट्या करत, मांडत, परत मांडत बसतात. व्यसन म्हणजे अतिरेक असं आपण म्हणतो. त्या कोपऱ्यात मला जे दिसलं ते आकुंचन होतं. जगणं दोन बोटं जागेत मावेल एवढं झालेलं.

पस्तिसाव्या दिवशी शेवटची सुई दिली. छत्तिसाव्या दिवसापुढे रेघ.

अफूच्या जातीतली द्रव्यं बंद केली तर प्राणी थरथरतो, ओल्या कुत्र्यासारखं अंग झटकतो, त्याला जुलाब होतात. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातली माणसं ज्याला ‘टर्की’ म्हणतात ते तिथे डोळ्यांना ढळढळीत दिसतं. उत्तेजकांचं तसं नसतं. ती बंद झाल्यावर बाहेरून दाखवावं असं फारसं काही घडत नाही, आणि म्हणूनच कितीतरी काळ लोक म्हणत राहिले की यांची सवय फक्त मनाची असते, शरीराची नसते. मला हा भेद कधीच पटला नाही. मन कुठे राहतं मग?

उंदीर रात्रीचा प्राणी आहे. आमच्या खोलीतला दिवस-रात्रीचा क्रम उलटा लावलेला होता; आम्ही कामावर असताना त्यांची रात्र चाले आणि खोलीत फक्त लाल दिवा असे. लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही. एरवी त्या वेळी खोलीत सतत खुडबुड असते : गोळ्या कुरतडणं, भुसा उकरणं, बाटलीची नळी दातांवर वाजणं. छत्तिसाव्या दिवशी मी आत गेले तेव्हा खोलीच्या एका बाजूनं आवाज येत होता आणि दुसऱ्या बाजूनं नाही. कुठल्या पिंजऱ्यात मिठाचं पाणी मिळालेले आहेत आणि कुठल्यात ॲम्फेटामिन मिळालेले, हे पाट्या न वाचता सांगता आलं असतं.

पिंजऱ्यांची देखभाल करणारे एक मामा होते. शिक्षण फार नव्हतं, पण हाताखालून हजारो उंदीर गेलेले. ते प्रत्येक पिंजऱ्यात कागदाच्या पट्ट्या टाकत. उंदीर त्या दातांनी फाडून मऊ करतात आणि कोपऱ्यात ढीग रचून त्यात झोपतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मला म्हणाले, "ताई, चौदा नंबरनं कागद फाडला नाही. काल टाकला तसाच आहे. पाणी प्यालाय, खाल्लंयही. पण कागद तसाच."

मी समासात लिहिलं : ‘३७. कागद तसाच. डोळ्यांभोवती लाल.’ तो लाल रंग रक्त नसतं. उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून एक रंगद्रव्य पाझरतं. ताणात असलेला किंवा आजारी उंदीर ते पुढच्या पंजानं पुसून काढत नाही, म्हणून ते डोळ्यांशी आणि नाकाशी वाळतं. पुसून काढायला जेवढी इच्छा लागते तेवढीही उरलेली नसते, असं मला तेव्हा वाटलं. एका उंदरावरून काही सिद्ध होत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

सिद्ध झालेलं मात्र बरंच आहे. पॉलसन, कॅम्प आणि रॉबिन्सन यांनी १९९१ साली हाच काळ बारकाईनं पाहिला. वाढत्या मात्रेचं ॲम्फेटामिन बंद केल्यावर उंदरांचं रात्रीचं हिंडणं-फिरणं घटतं आणि नंतर सावकाश पूर्ववत होतं. त्याच वर्षी मार्को आणि कूब यांनी कोकेनबद्दल आणखी खोलवर जाऊन पाहिलं. मेंदूच्या काही भागांना हलका वीजप्रवाह मिळाला तर उंदीर तो पुन्हा पुन्हा मिळवायला बघतो; ओल्ड्स आणि मिल्नर यांनी माँट्रियलमध्ये १९५४ साली लावलेला हा शोध. आता प्रवाह कमी कमी करत गेलं तर एक पातळी अशी येते की तिच्याखाली उंदराला त्यात रस उरत नाही. कोकेन बंद केल्यावर ही पातळीच वर सरकते. काल जेवढ्यात सुख वाटत होतं तेवढ्यात आज वाटत नाही. आणि कोकेन जितका जास्त वेळ घेतलेलं, तितकी ही उंची वाढलेली. बार आणि फिलिप्स यांनी १९९९ साली साखरेच्या पाण्यावर हेच तपासलं. एका घोटासाठी खटका दाबायचा, पुढच्या घोटासाठी आणखी जास्त वेळा, त्यापुढच्यासाठी त्याहून जास्त. उंदीर कुठेतरी ‘पुरे’ म्हणतो. ॲम्फेटामिन बंद झालेले उंदीर लवकर ‘पुरे’ म्हणतात.

याच काळाला ‘नैराश्य’ म्हणायचं आणि पाण्याच्या नळकांड्यात उंदराला पोहायला सोडून तो किती वेळात हातपाय थांबवतो ते मोजायचं, अशीही पद्धत आहे. पोर्सोल्ट यांनी १९७७ साली ती आणली. थांबला म्हणजे हताश झाला, असं बरीच वर्षं लिहिलं गेलं. मी ती चाचणी केली आहे आणि मला ती कधीच आवडली नाही. बाहेर पडायला वाट नसलेल्या पाण्यात हातपाय थांबवून तरंगत राहणं हे शहाणपणही असू शकतं. निश्चल प्राण्याकडे बघून त्याच्या आत काय चाललंय ते आपण फार घाईनं ठरवतो. चौदा नंबरला कोपऱ्यात हुंगताना यंत्रानं शांत म्हटलं, पोहणं थांबवलेल्याला माणसांनी हताश म्हटलं. दोन्ही वेळी मोजली होती ती फक्त हालचाल.

पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास खोलीच्या दोन्ही बाजूंनी सारखाच आवाज येऊ लागला. डोळे स्वच्छ. वजनं भरून येत होती. चौदा नंबरच्या पिंजऱ्यात कागदाचा छान ढीग, आणि त्यातून नुसती शेपूट बाहेर. मामा म्हणाले, "सुधारलं बघा पोर." मलाही तसंच वाटलं. त्या दिवशीची पेन्सिलीतली नोंद आहे : ‘सगळे ठीक.’

सत्तावन्नाव्या दिवशी सगळ्यांना ॲम्फेटामिनची एक छोटी मात्रा दिली. आधी कधीच न मिळालेले उंदीर थोडे जास्त हिंडले आणि थांबले. चौदा नंबर आणि त्याच्या बाजूचे बाकीचे एवढ्याशा मात्रेवर असे उसळले की मी पेटीजवळून मागे सरले. ज्या उंदराला मी बारा दिवसांपूर्वी ठीक म्हटलं होतं, त्याच्या आत ते सगळं जसंच्या तसं होतं. जसंच्या तसं म्हणणंही चूक. पॉलसन आणि सहकाऱ्यांच्या उंदरांत हे संवेदीकरण बंद केल्यानंतर लगेच नीट दिसत नव्हतं, ते पूर्ण उमटायला वेळ लागला आणि मग वर्षभरानंतरही ते टिकून होतं. उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. त्यातलं एक वर्ष.

तलफेचंही असंच आहे. ग्रिम, होप, वाइझ आणि शहाम यांचा २००१ सालचा प्रयोग मी या विषयातला सगळ्यांत महत्त्वाचा मानते. उंदरांना खटका दाबून कोकेन घ्यायला शिकवलं. प्रत्येक वेळी दिवा लागे, सूर वाजे. दहा दिवसांनी ते बंद. मग कुणाला दुसऱ्याच दिवशी, कुणाला आठवड्यानं, कुणाला महिन्यानं, कुणाला दोन महिन्यांनी त्या पेटीत परत सोडलं. आता खटका दाबून कोकेन मिळत नव्हतं. आपली अपेक्षा काय असते? जितके दिवस जास्त, तितकी ओढ कमी. झालं ते उलट. दोन महिने दूर राहिलेले उंदीर एक दिवस दूर राहिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा खटका दाबत होते. संशोधकांनी याला नाव दिलं ते अंडं उबवण्याच्या शब्दावरून. तलफ उबत राहते. काहीच न करता, कुठलंही द्रव्य न घेता, नुसत्या दिवसांच्या उबेवर.

आपल्या बोलण्यात ‘काळ हे औषध आहे’ हे किती सहज येतं. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, दोन महिने झाले ना, आता काय. आणि तो पुन्हा घसरला की त्याच्या इच्छाशक्तीला नावं ठेवतो. मेथॲम्फेटामिन सोडलेल्या माणसांतही सुरुवातीच्या काही महिन्यांत तलफ अशी चढताना अभ्यासकांना दिसली आहे. दोन महिने झाले ही त्या माणसाची कदाचित सगळ्यांत बिकट वेळ असते, आणि नेमकी तेव्हाच आजूबाजूची माणसं सुटकेचा श्वास सोडून आपापल्या कामाला लागलेली असतात.

बरं, बाहेरून द्रव्यच यावं लागतं असंही नाही. अँटेलमन यांनी १९८० साली दाखवलं की शेपटीला दिलेला साधा दाब, म्हणजे नुसता ताण, आणि ॲम्फेटामिन हे संवेदीकरणाच्या बाबतीत एकमेकांच्या जागी चालतात. एकानं हळवा केलेला मेंदू दुसऱ्यालाही तसाच उसळतो.

मग ते मधले दिवस कसेही गेले तरी फरक पडत नाही का? हा प्रश्न मला प्रयोगशाळेत असताना विचारायचं सुचलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं, कारण उत्तर समोरच होतं. आमचे उंदीर ते एकवीस दिवस एकेकटे होते. एका पिंजऱ्यात एक. भुसा, गोळ्या, पाणी, आणि मामांच्या दयेनं आलेला कागद. उंदीर हा कळपानं राहणारा, एकमेकांच्या अंगावर झोपणारा प्राणी. नोंदी ठेवायला सोपं म्हणून आम्ही त्यांना वेगळं केलं आणि त्या वेगळेपणाला प्रयोगाचा भाग मानलंच नाही.

बोझार्थ आणि वाइझ यांचा १९८५ सालचा निबंध बहुतेकांनी कधी ना कधी ऐकीव स्वरूपात ऐकलेला असतो. रात्रंदिवस हवं तेवढं कोकेन घेण्याची मुभा मिळालेल्या उंदरांपैकी ९० टक्के महिन्याभरात मेले. हेरॉइन घेणाऱ्यांपैकी ३६ टक्के. हा आकडा भीती घालायला फार वापरला गेला आणि तो खराही आहे. सांगताना राहून जातं ते एवढंच, की त्या पेटीत खटका सोडला तर करण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. २००७ साली लेन्वार, सेर्ज अहमद आणि सहकाऱ्यांनी दोन खटके ठेवले, एकावर कोकेन आणि दुसऱ्यावर सॅकरिननं गोड केलेलं पाणी. ९४ टक्के उंदरांनी गोड पाणी निवडलं. २०१८ साली मार्को वेनिरो आणि सहकाऱ्यांनी एका बाजूला मेथॲम्फेटामिन ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला एक दार, पलीकडे दुसरा उंदीर. उंदरांनी दार निवडलं. आधी मेथॲम्फेटामिनच्या पुरत्या आहारी गेलेल्यांनीही. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की रोज सोबत निवडत ज्यांनी ते दिवस काढले, त्यांच्यात तलफ उबलीच नाही. ज्यांचं द्रव्य नुसतं काढून घेतलं होतं आणि एकटं ठेवलं होतं, त्यांच्यात ती उबली. दार उघडायला उशीर होऊ लागला की मात्र काही उंदीर परत द्रव्याकडे वळत. सोबत हवी, आणि ती हवी तेव्हा हवी.

सोलिनास आणि सहकाऱ्यांनी २००८ साली नेमके मधले दिवसच बदलले. कोकेन देऊन झाल्यावर उंदरांच्या लहान जातीतल्या, म्हणजे माइसच्या, एका गटाला महिनाभर मोठ्या पिंजऱ्यात ठेवलं. फिरतं चाक, बोगदे, घरटं, दर काही दिवसांनी बदलणारी खेळणी. महिन्यानंतर संवेदीकरण दिसलं नाही. कोकेन मिळालेल्या जागेकडे ते पूर्वीसारखे ओढलेही गेले नाहीत. वहीतल्या त्या सरळ रेघेच्या जागी त्यांनी एक घर ठेवलं होतं.

याला एक कठोर दुसरी बाजू आहे. कोल्ब आणि रॉबिन्सन यांनी २००३ साली दाखवलं की भरल्या, बदलत्या वातावरणात राहिलेल्या उंदराच्या चेतापेशींना एरवी ज्या नव्या फांद्या आणि अंकुर फुटतात, ते आधी ॲम्फेटामिन किंवा कोकेन मिळालेल्यांत हवे तसे फुटले नाहीत. अनुभवानं बदलण्याची मेंदूची जी ताकद असते, तिलाच त्या द्रव्यांनी धक्का लावला होता. वागणं सावरतं; पेशींतलं सगळं सावरतंच असं नाही. हे दोन्ही निष्कर्ष मी शेजारी शेजारी ठेवून बघते तेव्हा मला ते एकमेकांना खोडणारे वाटत नाहीत. मुका मार लागलेल्या माणसानं चालायला शिकावं तसं काहीसं असावं.

आणि सगळे उंदीर एका मापाचे नसतात. डेरोश-गॅमोने, बेलाँ आणि पियाझा यांच्या २००४ सालच्या प्रयोगात सगळ्यांनी तीन महिने कोकेन घेतलं. मिळत नसतानाही शोधत राहणं, त्यासाठी वाटेल तेवढे कष्ट करणं, पायाला झटका बसत असूनही न थांबणं, या तिन्ही कसोट्यांवर व्यसनी म्हणावेत असे निघाले सुमारे १७ टक्के. माकडांतही मॉर्गन आणि सहकाऱ्यांना २००२ साली दिसलं की कळपात वरचं स्थान मिळालेल्या नरांच्या मेंदूतले डोपामाइनचे ग्राहक, म्हणजे पेशींवरची डोपामाइन टिपणारी प्रथिनं, वाढले आणि कोकेननं त्यांना धरलं नाही. दबून राहणाऱ्यांना धरलं. एकटे असताना त्यांच्यात हा फरक नव्हता. स्थान आधी बदललं, मेंदू नंतर.

चौदा नंबरवर यातलं काहीच करून पाहिलं गेलं नाही. चाचणीनंतर दुसऱ्या दिवशी त्याचा मेंदू कापांसाठी गेला. मीच त्याला पिंजऱ्यातून काढलं. इतक्या दिवसांत तो माझ्या हाताला सरावला होता. धडधड फारशी नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. उंदीर आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजात बोलतात. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. खेळताना, गुदगुल्या केल्यावर, आणि ॲम्फेटामिन दिल्यावरही, ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात, तुटक आणि भराभर. भीती आणि यातनेचा आवाज वेगळा आहे, २२ किलोहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे आपल्या कानाच्या अगदी उंबऱ्यापलीकडचा. एकेक हाक लांबलचक असते. मिसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवलं की कोकेन बंद केलेल्या उंदरांना दचकवलं तर ते या हाका इतरांपेक्षा जास्त घालतात. आमच्या खोलीत असा आवाज पकडणारा माइक नव्हता.

प्रयोगशाळा सोडल्यावर कितीतरी वर्षांनी एका व्याख्यानात मी ती हाक ऐकली, माणसाच्या कानाला ऐकू येईल अशी संथ केलेली. पडद्यावर उंदराचं चित्रण चालू होतं. तो जमिनीला चिकटून बसलेला, मुळीच न हलणारा. हलत होत्या त्या फक्त बरगड्या, कारण एवढी लांब हाक घालायला श्वास सावकाश सोडावा लागतो. छाती हळूहळू खाली जाते, थांबते, पुन्हा भरते.

घरी येऊन मी जुनी वही शोधून काढली. रेघेच्या शेजारी, समासात, पेन्सिल आता पुसट झालेली : ‘३८. दार आपटलं. बाकीचे दचकून परत कामाला. १४ जागेवर बसून. शांत. श्वास संथ.’